सही पुण्यात, घर सनीव्हेलमध्ये: काउंटी रेकॉर्डरकडून परत आलेलं एक डीड

कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा काउंटीत सनीव्हेल गाव आहे. तिथल्या एका टाउनहाउसचं हे प्रकरण. घर २०१२ साली नवरा-बायकोनं मिळून घेतलं, जॉइंट टेनन्सीत. म्हणजे दोघांपैकी एक गेला की त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याचा होतो, अशा मालकीत. खरेदीच्या वेळी बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव होतं, समजा जोशी. पुढे पासपोर्टाचं नूतनीकरण करताना ते देशपांडे झालं. काही वर्षांनी दोघांनी लिव्हिंग ट्रस्ट केला, म्हणजे हयातीतच केलेला, रद्द करता येणारा ट्रस्ट. घर त्या ट्रस्टमध्ये घालण्याचं डीड, म्हणजे मालकी बदलण्याचा दस्त, तेवढं राहिलं, आणि नेमकं तेव्हाच वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी तिला पुण्याला जावं लागलं.

मग डीड ईमेलनं पुण्याला गेलं. तिथे छापून तिनं शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका नोटरीसमोर सही केली आणि कागद कुरियरनं परत पाठवले. नवऱ्यानं आपली सही सनीव्हेलमध्ये नोटरी करून घेतली, १९ डॉलरचा चेक जोडला आणि पाकीट टपालानं काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे तिथल्या दस्तनोंदणी कार्यालयाकडे, धाडलं. काही आठवड्यांनी सगळं परत आलं. डीड नोंदलं गेलं नव्हतं, सोबत कारणांचं पत्र होतं.

कुटुंब नमुन्यादाखल घेतलेलं आहे, पण यातली एकही अडचण ओढूनताणून आणलेली नाही. परदेशात घर आणि भारतात माणसं असलेल्या कोणत्याही घरात त्या येऊ शकतात. नियम सगळे कॅलिफोर्नियाचे आहेत. न्यू जर्सीत हेच काम काउंटी क्लर्क करतो, मॅसॅच्युसेट्समध्ये रजिस्ट्री ऑफ डीड्स, कनेटिकटमध्ये तर गावचा टाउन क्लर्क. तिथले आकार आणि अटी वेगळ्या.

रेकॉर्डर काय तपासतो आणि काय नाही

महाराष्ट्रात खरेदीखत किंवा बक्षीसपत्र केलेल्या माणसाच्या मनात दुय्यम निबंधकाचं कार्यालय असतं. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे पक्षकार अधिकाऱ्यासमोर हजर होतात, दस्त करून दिल्याचं कबूल करतात, फोटो निघतो, अंगठा उठतो, मुद्रांक शुल्क बघितलं जातं. ओळख पटवण्याचं काम त्या कार्यालयातच होतं. कॅलिफोर्नियात रेकॉर्डरला तुमचं तोंडही दिसत नाही. ओळख पटवतो नोटरी, तीही सहीच्या जागी. रेकॉर्डरच्या हातात येतो फक्त कागद, आणि तो कागदाचं बाह्यरूप बघतो: ॲक्नॉलेजमेंट (सही आपलीच असल्याच्या कबुलीचा नोटरीचा दाखला) आहे का, ती मान्य होण्यासारखी आहे का, कराची घोषणा आहे का, पैसे पुरेसे आहेत का, पान स्कॅन होईल का.

यापलीकडे बघण्याची त्याला मुभाच नाही. राज्याच्या गव्हर्नमेंट कोडचं कलम २७२०१ सांगतं की नोंदण्याजोगा दस्त कायदेशीरदृष्ट्या अपुरा आहे या कारणावरून रेकॉर्डरनं तो नाकारू नये. त्यामुळे डीड नोंदलं गेलं याचा अर्थ ते बरोबर आहे असा होत नाही. या प्रकरणात पत्रातली चार कारणं सोपी निघाली. खरे घातक दोष त्या पत्रात नव्हतेच. ते रेकॉर्डरला कधी दिसलेच नसते. पाकीट परत आलं म्हणून कागद पुन्हा वाचले गेले आणि दोष सापडले.

आणखी एक फरक मनात ठेवायला हवा. आपल्याकडे नोंदणी अधिनियमाच्या कलम ४७ मुळे नोंदलेला दस्त नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, तर करून दिल्याच्या तारखेपासून लागू धरतात, आणि नोंदणीला आणण्यासाठी साधारण चार महिने मिळतात. कॅलिफोर्नियात अशी मुदतच नाही. न नोंदलेलं डीडही देणाऱ्या-घेणाऱ्यांमध्ये पक्कं असतं. पण तिसऱ्या माणसानं आधीच्या व्यवहाराची माहिती नसताना, मोबदला देऊन तेच घर घेतलं किंवा त्यावर कर्ज दिलं आणि आपला कागद आधी नोंदवला, तर सिव्हिल कोडच्या कलम १२१४ प्रमाणे तो वरचढ ठरतो. सही कधी झाली यापेक्षा नोंद कधी झाली याला तिथे वजन आहे.

ट्रस्टचा खटाटोप कशासाठी, हेही इथेच सांगून टाकतो. घर ट्रस्टबाहेर राहिलं आणि दोघंही गेले तर प्रोबेट, म्हणजे मालमत्ता वारसांकडे जाण्यासाठीची कोर्टाची प्रक्रिया, लागतं, आणि त्यातला वकिलाचा मेहनताना कायद्यानंच ठरवलेला आहे: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २, त्यानंतर १ टक्का. १५ लाख डॉलरच्या घरावर हे २८,००० डॉलर होतात, आणि तेवढेच मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाराही मागू शकतो. कर्ज वजा न करता, पूर्ण किमतीवर.

पत्रातली कारणं

पहिलं कारण ॲक्नॉलेजमेंटचं. पुण्यातल्या नोटरीनं आपल्या रिवाजाप्रमाणे गोल शिक्का मारला, नोटरीचं तिकीट चिकटवलं, 'माझ्यासमोर' असं लिहून सही केली आणि मागच्या बाजूला नोंदवहीचा क्रमांक उठवला. १९५२ च्या नोटरी अधिनियमाखाली काम करणाऱ्या त्या नोटरीच्या दृष्टीनं यात काही कमी नव्हतं. पण सिव्हिल कोडचं कलम ११८३ म्हणतं की अमेरिकेबाहेरच्या नोटरीसमोर झालेल्या ॲक्नॉलेजमेंटवर त्या नोटरीची सही खरी असल्याचा आणखी एक दाखला हवा. तो तिथल्या न्यायालयाच्या न्यायाधीशाचा चालतो, अमेरिकन वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा चालतो, किंवा हेग करारातलं अपॉस्टिल, म्हणजे परदेशी वापरासाठीचं सरकारी प्रमाणपत्र, चालतं. यातलं काहीच नव्हतं. शिवाय 'ही व्यक्ती स्वतः हजर राहिली आणि सही आपणच केल्याचं तिनं कबूल केलं' हा मजकूरही कुठे नव्हता. नुसत्या शिक्क्यावरून तो अर्थ निघत नाही.

दुसरं कारण हस्तांतरण कराच्या घोषणेचं. विक्री असती तर काउंटीचा डॉक्युमेंटरी ट्रान्सफर टॅक्स दर ५०० डॉलरला ५५ सेंट, म्हणजे १५ लाखांवर १,६५० डॉलर झाला असता. सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजेसारख्या शहरांचा स्वतःचा कर त्यावर आणखी असू शकतो. इथे पैशाची देवघेव नाही म्हणून कर नाही. पण कर शून्य असला तरी तसं डीडच्या पहिल्या पानावर लिहावं लागतं, कारणासकट: मालकाच्या स्वतःच्या रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये हस्तांतरण, महसूल व करआकारणी संहितेचं कलम ११९३०. तिथेच जागा शहराच्या हद्दीत आहे की बाहेर, त्याची खूणही करायची. या डीडवर ती जागा कोरी होती.

तिसरं कारण शिक्क्याचं. लाल शाईचा गोल शिक्का आणि तिकीट थेट टंकित मजकुरावर आले होते. रेकॉर्डर कागदाची प्रतिमा करून ठेवतो आणि मूळ कागद परत पाठवतो, त्यामुळे जे प्रतिमेत वाचता येत नाही ते नोंदीत राहत नाही. शिक्का कोऱ्या जागेतच पडायला हवा. पहिल्या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यातली अडीच इंच उंच आणि पाच इंच रुंद जागाही रेकॉर्डरसाठी मोकळी सोडायची असते. डावीकडे नोंद मागणाऱ्याचं नाव आणि मूळ कागद कुठे परत पाठवायचा तो पत्ता येतो. कराची बिलं कुठे पाठवायची तो पत्ताही डीडवर लागतो.

चौथं कारण पैशांचं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण घरोघरी हाच हिशेब चुकतो. राज्याचा मूळ आकार पहिल्या पानाला १० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पानाला ३. नवऱ्यानं चार पानं मोजली, १९ डॉलर पाठवले. पण पान म्हणजे छापलेली एक बाजू. पुण्याच्या नोटरीनं मागच्या बाजूला शिक्के मारले, ते पाचवं पान झालं. म्हणजे २२ डॉलर. पुण्यात कागद अर्थातच ए-४ होता, २१० बाय २९७ मिलिमीटर. रेकॉर्डरचं माप साडेआठ बाय ११ इंच. मापाबाहेरच्या कागदाला पानामागे ३ डॉलर जादा, म्हणजे आणखी १५. मालकीबदलाचा प्राथमिक अहवाल, बीओई-५०२-ए हा फॉर्म, जोडला नव्हता. तो नसला तर २० डॉलर. आणि २०१८ पासून लागू झालेला, घरबांधणी निधीसाठीचा ७५ डॉलरचा आकार, जो एका व्यवहारात एका मालमत्तेमागे जास्तीत जास्त २२५ डॉलरपर्यंत जातो. बेरीज १३२, आणि त्यावर काउंटीचे स्थानिक आकार. पाठवलेल्या १९ डॉलरमध्ये हे बसणार कसं?

यातला ७५ डॉलरचा आकार या कुटुंबाला लागूच नव्हता. मालक स्वतः राहत असलेल्या घराचं हस्तांतरण त्याच राहणाऱ्या मालकाकडे होत असेल तर गव्हर्नमेंट कोडच्या कलम २७३८८.१ मध्ये सूट आहे. मात्र ती डीडच्या पहिल्या पानावर किंवा मुखपृष्ठावर कलमासकट मागावी लागते. न मागितलेली सूट रेकॉर्डर आपण होऊन देत नाही.

पत्रात नसलेले तीन दोष

डीड दुरुस्त करायला घेतल्यावर २०१२ चं मूळ डीड शेजारी ठेवलं, आणि खरी पंचाईत तेव्हा कळली.

नवीन डीडवर देणारी म्हणून नाव होतं देशपांडे. घेताना नोंद होती जोशी. काउंटीची सगळी नोंद देणारा आणि घेणारा अशा दोन सूचींवर चालते. पुढे कुणी टायटल, म्हणजे मालकीची साखळी, तपासताना जोशी शोधलं तर घर आत आलेलं दिसेल, बाहेर गेलेलं दिसणार नाही. देशपांडे शोधलं तर घर बाहेर गेलेलं दिसेल, पण आत कधी आलं त्याचा पत्ता नाही. साखळी तिथे तुटते. रेकॉर्डर हे जुळवून बघत नाही, ते त्याचं कामच नाही. उपाय एका ओळीचा आहे: डीडमध्ये 'देशपांडे, जिनं ही मालकी जोशी या नावानं मिळवली' असा इंग्रजीतला ठरलेला शब्दप्रयोग पूर्ण नावांसकट घालायचा. सही आजच्या पासपोर्टवरच्या नावानं, कारण नोटरी तेच नाव ओळखणार. दोन्ही नावं डीडवर आली की सूचीतही दोन्हीखाली नोंद होते.

आपल्या नावांच्या घडणीमुळे इथे आणखी घोळ होतो. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही तीन पदं. भारतीय पासपोर्टात पहिली दोन एकाच रकान्यात असतात. कॅलिफोर्नियाच्या ड्रायव्हिंग लायसनवर मधलं नाव वेगळं पडतं, कधी नुसतं आद्याक्षर उरतं. लग्नानंतर आडनावासोबत मधलं नावही बदललेलं असतं. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' कमीजास्त. डीडवर, सहीखाली टंकित केलेल्या नावात आणि ॲक्नॉलेजमेंटमध्ये अक्षरन् अक्षर तेच नाव हवं. सही देवनागरीत असली तरी हरकत नाही, खाली नाव टंकित असलं की झालं.

दुसरा दोष घेणाऱ्याच्या नावात. डीडवर घेणारा म्हणून 'अमुक कुटुंब ट्रस्ट' एवढंच लिहिलं होतं. कॅलिफोर्नियात ट्रस्ट ही कंपनीसारखी स्वतंत्र व्यक्ती नाही. मालकी विश्वस्ताच्या नावे असते. म्हणून लिहायचं ते असं: दोघांची नावं, अमुक ट्रस्टचे विश्वस्त या नात्यानं, ट्रस्ट केल्याची तारीख अमुक. नुसतं ट्रस्टचं नाव लिहिलं तर कोर्ट बहुधा हेतू समजून घेईल, पण मालकी तपासून तिचा विमा देणारी टायटल कंपनी पुढच्या व्यवहारात दुरुस्तीचा कागद मागेल, आणि तो द्यायला तेव्हा दोघं हयात असतीलच असं नाही.

तिसरा दोष सगळ्यात गंभीर. मालमत्तेचं कायदेशीर वर्णन अपुरं होतं. आपल्याकडच्या दस्तात गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा यांचं जे स्थान, तेच इथे या वर्णनाचं. घराचा पत्ता म्हणजे वर्णन नव्हे. असेसरचा, म्हणजे करमूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा, पार्सल नंबर हा कर वसुलीसाठीचा क्रमांक आहे, तोही बदलू शकतो. खरं वर्णन म्हणजे अमुक ट्रॅक्टमधला (नकाशावरच्या वसाहतीतला) अमुक लॉट (भूखंड), काउंटी रेकॉर्डरच्या नकाशांच्या अमुक पुस्तकात अमुक पानावर नोंदलेला. सुटं घर असेल तर हे चार ओळींत संपतं. टाउनहाउसचं तसं नसतं. २०१२ च्या डीडचं परिशिष्ट दोन पानांचं होतं: पहिल्या भागात घर, दुसऱ्यात सामायिक जागेतला अविभक्त हिस्सा, तिसऱ्यात गाडी नेण्या-आणण्याचा हक्क. स्कॅन करताना दुसरं पान राहिलं आणि नव्या डीडमध्ये फक्त पहिला भाग उतरला. ते डीड नोंदलं गेलं असतं तर घर ट्रस्टमध्ये आणि बाकीचं अजून जोशी-देशपांड्यांच्या नावे, अशी अवस्था झाली असती. घर विकायला किंवा रिफायनान्सला (जुनं कर्ज फेडून नवं घ्यायला) काढेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही ते हेच.

नोंद होऊन गेल्यावर असा दोष निघाला तर मालक हयात असताना नवं डीड करता येतं, म्हणजे पुन्हा सही, पुन्हा नोटरी, पुन्हा नोंद. मालक गेले असतील तर कोर्टात अर्ज करून ती मालमत्ता ट्रस्टचीच होती असं ठरवून घ्यावं लागतं. १९९३ च्या हेगस्टाड निकालामुळे ते शक्य झालं. ट्रस्ट करणाराच विश्वस्त असेल आणि त्यानं ती मालमत्ता ट्रस्टची म्हणून लेखी जाहीर केलेली असेल, उदाहरणार्थ ट्रस्टच्या यादीत, तर त्यावर आधार घेता येतो. पण त्यात वकील आला, महिने गेले.

घाईतला धोकादायक सल्ला

'नवऱ्याची सही तर नीट झालेली आहे, त्याच्या हिश्श्याचं डीड तूर्त नोंदवून टाका, बायकोचं मागून करू' असं अशा वेळी कुणीतरी सुचवतं. तसं मुळीच करू नये. जॉइंट टेनन्सीतल्या एकानं आपला हिस्सा विश्वस्ताच्या नावे केला की जॉइंट टेनन्सी तिथेच मोडते. दोघांचे अर्धे-अर्धे वेगळे हिस्से होतात आणि एकाच्या मागे दुसऱ्याकडे जाण्याची सोय संपते. त्या मधल्या काळात बायकोला काही झालं तर तिचा ट्रस्टबाहेरचा अर्धा हिस्सा नवऱ्याकडे आपोआप जाणार नाही, त्यासाठी प्रोबेटची वेळ येऊ शकते. दोन वेगळी डीडं करायचीच असतील तर ती एकाच पाकिटातून, एका पाठोपाठ नोंदवावीत. आकार मात्र दोनदा पडतो.

दुसरा सल्ला कुलमुखत्यारपत्राचा. बायकोनं नवऱ्याला मुखत्यार करावं आणि त्यानं दोघांच्या वतीनं सही करावी. होऊ शकतं, पण त्यानं काम वाचत नाही. मुखत्यारपत्रावरची तिची सही पुन्हा याच रीतीनं, अपॉस्टिल किंवा वकिलातीतून, पक्की करावी लागते आणि ते मुखत्यारपत्रही नोंदवावं लागतं. मालमत्ता ट्रस्टमध्ये घालण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत असलेला बरा, 'सर्व अधिकार' एवढ्यावर विसंबू नये. सही करताना आधी तिचं नाव, मग मुखत्यार म्हणून त्याचं. कागद दुप्पट, धोका दुप्पट. ती सहा महिने तिथेच राहणार असेल आणि आणखी कामं निघणार असतील तरच हा मार्ग धरावा.

दुसऱ्यांदा कसं केलं

तिच्यासमोर रस्ते तीन. पहिला अपॉस्टिलचा. भारत या करारात २००५ पासून आहे. नोटरीच्या सहीला आधी राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण लागतं, मग परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागे चौकोनी स्टिकर लावतं. (ती छापील बाजू, म्हणजे आणखी एक पान धरा.) मात्र अपॉस्टिल फक्त नोटरीची सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, नोटरीचा मजकूर अपुरा असेल तर तो अपुराच राहतो. म्हणून या रस्त्यानं जाणाऱ्यानं ॲक्नॉलेजमेंटचा पूर्ण इंग्रजी मजकूर टंकून सोबत न्यावा आणि नोटरीला त्यावरच सही-शिक्का करायला सांगावं.

दुसरा रस्ता ऑनलाइन नोटरीचा, व्हिडिओवरून. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये त्यासाठी कायदा केला असला तरी राज्यातल्या नोटरींना ते काम करण्याची परवानगी त्यानं लगेच दिली नाही. दुसऱ्या राज्यातल्या नोटरीनं तिथल्या कायद्याप्रमाणे रीतसर केलेली ॲक्नॉलेजमेंट मात्र कॅलिफोर्नियात मान्य होते. ओळख पटवायला अमेरिकेतल्या आर्थिक नोंदींवरून प्रश्न विचारतात, त्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबर आणि तिथे काही वर्षांचं वास्तव्य असलेल्यांनाच हे सोपं जातं. आणि तयार होणारी इलेक्ट्रॉनिक फाइल काउंटी कोणत्या रूपात घेईल, हे आधी विचारूनच पैसे भरावेत.

तिसरा रस्ता अमेरिकन वकिलातीचा. पुणेकरांसाठी ती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. कलम ११८३ मध्ये वकिलातीतल्या अधिकाऱ्याचं नाव थेट आहे, त्यामुळे अपॉस्टिलची गरजच उरत नाही. अमेरिकेत वापरायच्या कागदासाठी कोणत्याही देशाचा नागरिक जाऊ शकतो. ऑनलाइन वेळ घ्यायची, पासपोर्ट न्यायचा आणि कागदावर आधी सही करायची नाही, ती अधिकाऱ्यासमोरच. आकार एका शिक्क्याला ५० डॉलर. डीडचा मजकूर बरोबर आहे की नाही हे तिथेही कुणी बघत नाही. कॅलिफोर्नियाच्या डीडला साक्षीदार लागत नाहीत. फ्लोरिडातलं घर असेल तर दोन लागतात, ते आपणच नेण्याची तयारी ठेवावी. याच रस्त्यानं जायचं ठरलं. वडिलांच्या आजारपणात मुंबईची एक फेरी परवडते, तीन कार्यालयांचे हेलपाटे परवडत नाहीत.

डीड नव्यानं सनीव्हेलमध्येच छापलं, साडेआठ बाय ११ च्या कागदावर, एका बाजूनं. पहिल्या पानावर कराची घोषणा, ७५ डॉलरच्या सुटीचं कलम, जोशी-देशपांडे दोन्ही नावं, विश्वस्त म्हणून दोघांची नावं. मागे वर्णनाची दोन्ही पानं, जुन्या नोंदलेल्या डीडशी ओळ न् ओळ ताडून. सही न झालेलं हे डीड कुरियरनं पुण्याला गेलं. तिची सही आधी, त्याची नंतर, असा क्रम मुद्दाम ठेवला. तिच्याकडे काही बिनसलं तर नवऱ्याची नोटरी वाया जात नाही.

कागद परत आल्यावर नवऱ्यानं कॅलिफोर्नियातल्या नोटरीसमोर सही केली. तिथला आकार एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर. डीड असल्यामुळे नोटरीनं आपल्या नोंदवहीत उजव्या अंगठ्याचा ठसाही घेतला, कायद्यानं तो बंधनकारक आहे. ॲक्नॉलेजमेंटच्या वर चौकटीतली सूचना २०१५ पासून सक्तीची आहे: नोटरी फक्त ओळख पटवतो, कागदाचा खरेपणा नाही. जुना फॉर्म वापरला तर डीड तेवढ्यावरून परत येतं. सगळी मिळून पानं पाच: डीड, वर्णनाची दोन, दोन ॲक्नॉलेजमेंट. मूळ आकार पुन्हा २२ डॉलरच, त्यावर स्थानिक आकार, जे काउंटीच्या चालू पत्रकावरून घेतले.

प्राथमिक अहवालाचा फॉर्म या वेळी काळजीनं भरला. तो जनतेसाठी खुला नसतो, थेट असेसरकडे जातो, आणि घराचं करमूल्य नव्यानं ठरवायचं की नाही हे तिथे त्यावरून बघतात. मतदारांनी मंजूर केलेल्या १९७८ च्या प्रपोझिशन १३ या तरतुदीमुळे, मालकी तीच असेतो, करमूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढतं. समजा २०१२ ची खरेदी ६ लाख डॉलरची, तर बारा वर्षांनी करमूल्य फार तर ७ लाख ६१ हजारांच्या आसपास. मालकी बदलली असं धरून बाजारभाव, १५ लाख, लावला तर नुसत्या १ टक्का मूळ दरानं वर्षाचा कर सुमारे ७,४०० डॉलरनं वाढेल. स्वतःच्याच रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये घर घालणं हा मालकीबदल नाही, पण ती खूण फॉर्ममध्ये योग्य रकान्यात करायला हवी. असेसरकडून नंतर आणखी माहिती मागणारं पत्र आलं तर ते बाजूला पडू देऊ नये. मुदतीत उत्तर न देण्याला दंड आहे.

नोंद झाल्यानंतर

दस्त क्रमांक आणि तारीख-वेळेचा शिक्का उठलेलं मूळ डीड टपालानं परत येतं. ते आल्यावर काउंटीच्या सूचीत तिन्ही नावं शोधून बघावीत: नवऱ्याचं, जोशी आणि देशपांडे. एखादं स्पेलिंग चुकून चढलं असेल तर ते लगेच दाखवून देणं सोपं असतं.

कर्ज देणाऱ्या बँकेची भीती अनेकांना वाटते. कर्जाच्या करारात मालकी बदलली तर पूर्ण कर्ज लगेच फेडा असं कलम असतं. पण १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन या केंद्रीय कायद्यानं, कर्जदार लाभार्थी राहतो आणि घराचा ताबा दुसऱ्याकडे जात नाही अशा ट्रस्टमधल्या हस्तांतरणाला त्यातून वगळलं आहे. घरविम्याच्या कंपनीला मात्र कळवावं आणि विश्वस्तांची नावं पॉलिसीवर घालून घ्यावीत. टायटल विम्याची जुनी पॉलिसी काढून ती ट्रस्टला पुढे लागू राहते का तेही वाचावं, २०१२ च्या पॉलिसीत शब्दरचना कोणती आहे यावर ते अवलंबून असतं.

नोंदी खुल्या असल्यामुळे काही आठवड्यांत सरकारी वाटावीत अशी पत्रं येऊ लागतात: 'तुमच्या डीडची प्रमाणित प्रत मागवा', खाली भरमसाट रक्कम. ती खासगी धंदेवाल्यांची असतात. प्रमाणित प्रत लागलीच तर काउंटीकडून थोड्या डॉलरांत मिळते, आणि मूळ डीड तर हातात आलेलंच असतं. आपल्या नावावर काही नोंदलं गेलं की कळवणारी सोय अनेक काउंट्यांनी फुकट ठेवली आहे. परदेशी जाऊन-येऊन असलेल्यांनी ती जरूर घ्यावी.

आणि पुढे कधी रिफायनान्स केलं तर बँक बहुधा घर आधी ट्रस्टमधून बाहेर, दोघांच्या वैयक्तिक नावे काढायला सांगते. त्याचं डीड एस्क्रोवाले, म्हणजे व्यवहाराचे कागद आणि पैसे सांभाळणारे मध्यस्थ, लगेच करून नोंदवतात. परत ट्रस्टमध्ये घालण्याचं दुसरं डीड मात्र पुष्कळदा कुणीच करत नाही, कारण बँकेला त्याची गरज नसते. कर्जाच्या कागदांवर सह्या करतानाच ते दुसरं डीड त्या गठ्ठ्यात आहे का, आणि ते नोंदवायला कोण पाठवणार, हे एस्क्रोच्या माणसाला विचारून लिहून घ्यावं.